सहा खिडक्यांचं मशीन

बाजारात त्याला सगळे मोजमाप म्हणत. दुकान कॉम्प्युटर जुळवून देण्याचं, पण गिऱ्हाईक आत आलं की हा आधी काहीच दाखवत नसे. कोपऱ्यातल्या चाचणीच्या मशीनसमोर त्याला बसवायचा आणि म्हणायचा, "घरी रोज जे जे उघडता ते सगळं इथं उघडा, आणि तासभर तुमचं तुम्ही चालू द्या." तासभर म्हटलं की लोक वैतागत. काही जण उठून शेजारच्या दुकानात जात आणि दोन महिन्यांनी तिथलं नवं मशीन काखोटीला मारून याच्याकडे येत. मोजमाप तेव्हा चकार शब्द काढत नसे, नुसतं स्टूल पुढे सरकवत असे. त्या न बोलण्यातला तोरा मात्र सगळ्या गल्लीला कळायचा.

माणूस डॉक्टरपुढे आणि कॉम्प्युटरवाल्यापुढे हमखास खोटं बोलतो, असं त्याचं मत होतं. एकदा एक दातांचे डॉक्टर 'फक्त पत्रं लिहायला' मशीन हवं म्हणून आले. स्टुलावर बसल्यावर त्यांनी शेतीच्या एका गेमच्या चार प्रती उघडल्या, चार वेगळ्या नावांनी, आणि स्वतःच स्वतःला भोपळे विकत बसले. एकाच वेळी गेमच्या अशा चार-सहा प्रती, म्हणजे क्लायंट, चालवणारी माणसं मोजमापला मनापासून आवडत, कारण तिथे त्याची विद्या पणाला लागायची. "एक गेम खेळणाऱ्याला ग्राफिक्स कार्ड लागतं, सहा खेळणाऱ्याला रॅम लागते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग ओट्याचं उदाहरण यायचं. शेगडी कितीही भारी घ्या, सहा पातेली ठेवायला ओट्यावर जागा नको का? ती जागा म्हणजे रॅम. जागा संपली की मशीन उरलेली पातेली हार्ड डिस्कवर, म्हणजे मागच्या खोलीत नेऊन ठेवतं, आणि दर वेळी उठून आणत बसतं. बरं, हे सुरुवातीला कळत नाही. क्लायंट हळूहळू फुगतात. म्हणून तो तास.

एवढं सगळं कळणारा हा माणूस बायकोच्या मशीनच्या बाबतीत मात्र साफ चुकला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

बायको एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर होती. आधी एक्स्चेंजमध्ये, नंतर एका मोठ्या हॉस्पिटलात. एका लाइनवर सर्जन, दुसरीवर रडणारा नातेवाईक, तिसरीवर अँब्युलन्सचा ड्रायव्हर, आणि ही सगळ्यांना धरून. चुकीच्या जागी जोडलेला एकही फोन कोणी तिच्या नावावर दाखवू शकलं नसतं. निवृत्त झाली तेव्हा पहिले दोन महिने घरातला फोन वाजला की ती खुर्चीत ताठ व्हायची. तिच्या आईला शेवटची चार वर्षं माणसं ओळखू येत नव्हती. पोटच्या लेकीला ती विचारायची, "बाई, तुम्ही कोणाकडे आलात?" आपलंही तसंच होणार ही भीती बायकोने कधी बोलून दाखवली नाही, पण चष्मा जागेवर सापडला नाही की तिचा चेहरा उतरायचा.

परगावी असलेल्या लेकीने तिला एक गेम लावून दिला. त्यात सहा जणांची टोळी करून गुहेत उतरायचं असतं. एक पुढे होऊन मार खातो, तिघं लढतात, एक जण वाट शोधतो, आणि एक वैद्य मागे राहून सगळ्यांच्या जखमा भरतो. खरं तर हे सहा जण सहा वेगवेगळ्या माणसांनी चालवायचे असतात. बायकोने दोन आठवडे परक्या लोकांबरोबर खेळून पाहिलं आणि जाहीर केलं, "हे लोक लाइन सोडून चहाला जातात. माझी मीच सहाही चालवीन." मोजमाप हसला. पण लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर, एका गड्याची एक, अशा दोन खिडक्या ती अशा चालवू लागली की त्यालाही थांबून बघावंसं वाटलं. मग ती म्हणाली, सहा खिडक्यांचं मशीन द्या.

दुकानात एका गिऱ्हाइकाने नाकारलेलं मशीन पडून होतं. बाजूला काच, आत रंगीत दिवे, ग्राफिक्स कार्ड विटेएवढं. रॅम सोळा जीबी, आणि जागा भरायला म्हणून लावलेली एक जुनी हार्ड डिस्क. सहा क्लायंट म्हटल्यावर बत्तीसच्या खाली बोलायचं नाही, हे तो झोपेतही सांगू शकला असता. पण घरच्या माणसाला कोण स्टुलावर बसवतो? त्याने एकच गेम उघडून पाहिला, तो पाण्यासारखा पळाला, आणि मशीन घरी गेलं. बायकोला फार आनंद झाला. दिवे तिने पहिल्या दिवशीच बंद करायला लावले, तेवढं सोडलं तर.

महिनाभराने एका दुपारी तिने विचारलं, "अहो, हे मधेच अडकतं का?"

मोजमाप जेवून आडवा झाला होता. डोळे न उघडता म्हणाला, "मशीन एकदम ठणठणीत आहे. तुझंच लक्ष नसेल."

त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही. मॉनिटरच्या कडेला चिठ्ठ्या दिसू लागल्या, कोणता आकडा दाबला की कोण काय करतो त्याच्या. मोजमापला वाटलं, हौस आहे. मग सहाच्या पाच खिडक्या झाल्या, पाचाच्या चार. एकदा तो म्हणालाही, "का गं, टोळी फुटली वाटतं तुझी?" ती म्हणाली, "झेपत नाही आता." वय झालं आपलं, असं म्हणून त्याने विषय मिटवला. सहा महिन्यांत दोनच उरल्या, त्याही तासाभराच्या आत ती बंद करून टाकायची.

मग लेकीचा दुकानात फोन आला. "बाबा, आई सांगू नको म्हणाली होती, पण सांगते. तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, सोमवारची. तिला वाटतंय आजीसारखं सुरू झालं."

त्या संध्याकाळपासून मोजमाप बायकोकडे नुसता बघत राहिला, आणि बघायला लागलं की काय, सगळंच पुरावा वाटतं. तिने दुधाची पिशवी फ्रीजऐवजी कपाटात ठेवली. शेजारणीला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. पूर्वीही असं होत असेल, पण पूर्वी कोणी मोजलं नव्हतं. त्याला झोप लागेना, आणि तिला विचारायचा धीर होईना.

शुक्रवारी दुकानात एक नर्स आली. पाच क्लायंट चालवणारी, मशीन दुसरीकडून घेतलेलं. नेहमीसारखं त्याने काय होतं ते विचारलं. ती म्हणाली, "सुरुवातीला छान चालतं हो. पण तासाभराने मी बटण दाबते आणि काहीच होत नाही. मला वाटतं दाबलंच नाही, म्हणून परत दाबते, तर दोनदा होतं. शेवटी मला माझ्याच बोटांचा संशय यायला लागला."

मोजमापने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. तिला उद्या यायला सांगितलं, रॅमच्या दोन नव्या पट्ट्या खिशात घातल्या आणि भर दुपारी शटर ओढलं.

बायको बँकेत गेली होती. तो तिच्या खुर्चीत बसला. सहाही खिडक्या उघडल्या, टोळी गुहेत उतरवली आणि शेजारी रॅमचा आकडा लावून ठेवला. पंचवीस मिनिटं सगळं सुरळीत. चाळिसाव्या मिनिटाला आकडा काठाला लागला आणि जुनी हार्ड डिस्क घरघरू लागली. त्याने वैद्याचं बटण दाबलं. वैद्य उभाच. त्याला वाटलं आपण दाबलंच नाही, म्हणून त्याने परत दाबलं. मग त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पण माणूस तो माणूसच. पहिला विचार आला तो हा, की गपचूप बदलून टाकावं. कोणाला कळायचं नाही, तिचं तिला बरं वाटेल, आणि सोमवार टळेल. त्याने जुन्या पट्ट्या काढल्या, नव्या बसवल्या, काच लावली, काचेवरचे बोटांचे ठसेसुद्धा पुसले. तेवढ्यात ती आली.

"आज लवकर?"

"सहज. बस ना, खेळ जरा. सहाही उघड."

"नको हो. नाही झेपत मला." ती पिशवी ठेवायला वळली, आणि पाठमोरीच म्हणाली, "उगाच हसं होतं माझं, माझ्याच डोळ्यांपुढे."

हे मात्र त्याला सहन झालं नाही. त्याने सगळं सांगितलं. ओट्याचं उदाहरण न देता सांगितलं. बायको उभ्यानेच ऐकत होती.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. रॅम कमीच होती."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही उठला नव्हता."

"नाही उठलो."

"सहा महिने," ती म्हणाली. "सहा महिने मी रोज सकाळी उठून आधी तुमचं नाव आठवून बघत होते. मग लेकीचं. मग आपला पत्ता." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं त्याला वाटलं. तो चुकलो म्हणाला, परत म्हणाला, आणि ती खुर्चीत बसली.

एकामागून एक सहा खिडक्या उघडल्या. पहिली काही मिनिटं बोटं बिचकत होती, मग बिचकायची थांबली. अर्धा तास, पाऊण तास, तास. मशीन शांत होतं. तिची पाठ ताठ झाली, मान किंचित एका बाजूला कलली, हॉस्पिटलात कानाला हेडफोन असायचा तशी. मोजमाप मागे उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. सुटलो, असं तो मनाशी म्हणाला. सोमवारी डॉक्टरांना फोन करून येत नाही म्हणून सांगायचं त्याने ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात पुढे मार खाणारा गडी कोसळला. मागोमाग बाकीचे.

"अडकलं का?" मोजमापने घाईघाईने विचारलं. त्याला ते अडकलेलं हवं होतं.

तिने कडेचा रॅमचा आकडा पाहिला. अर्ध्याच्या जरा वर, आरामात. "नाही. वैद्य राहिला माझा. मघापासून त्याच्याकडे गेलेच नाही मी. आहे हेच विसरले."

"अगं, होतं असं. सहा महिन्यांची सवय मोडलीय. त्यातून मी आत्ता—"

"असेलही तसं. नसेलही." तिने कोसळलेल्या टोळीकडे जरा वेळ पाहिलं. "सोमवारी जायचंच. आजच्या आधी गेले असते तर सगळं माझ्याच नावावर लिहिलं असतं त्यांनी."

"मी येतो बरोबर. बाहेर बसेन."

"बाहेर नाही," ती म्हणाली. "आत यायचं. माझं काय ते मी सांगेन. त्यातलं तुमचं किती होतं, ते तुम्ही सांगा."