कळपाआधी मी

आमच्या वाडीने मला एकदा एकमताने निवडून दिलं होतं. मेंढी म्हणून.

गोष्ट कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली. आटपाडी तालुक्यातल्या आमच्याच वाडीत मी प्राथमिक शाळेवर मास्तर. शाळा बंद होती, त्यामुळे माझ्या हातातला खडू काढून ऑक्सिमीटर देण्यात आला आणि मला घरोघर फिरायला लावलं. लोक त्या चिमट्यात बोट घालायला तयार नसत. बोट घातलं की आकडा कमी येतो, आकडा कमी आला की गाडी येते, आणि गाडीतून गेलेला माणूस परत येत नाही, असं त्यांचं सरळ गणित होतं. त्याला हसायची सोय नव्हती. आमच्याच आळीतला एकजण आपल्या पायाने गाडीत चढून सांगलीला गेला होता आणि परत आलाच नव्हता.

मग लस आली. उपकेंद्राच्या सिस्टर निरोप देऊन गेल्या की शुक्रवारी शाळेत शिबिर आहे. एका कुपीत दहा जणांचं औषध. दहा जण जमले तरच कुपी फोडायची, नाहीतर गाडी पुढच्या गावाला. परत कधी येईल ते त्यांनाही माहीत नाही. सोमवारी संध्याकाळी माझ्या वहीत एकही नाव नव्हतं. माझ्या आईचंसुद्धा!

आईला शुगर, त्यात दमा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हिला झाला तर अवघड आहे. मी समजावलं, बायकोने समजावलं, पुण्याच्या बहिणीने फोनवर रडून समजावलं. आईचं एकच उत्तर, "गाव घेईल तवा मी घेईन. येकटी मी कशाला मरू?"

म्हणजे आईसाठी गाव पाहिजे होतं आणि गावासाठी बिरूआप्पा. शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत आमच्याकडे बिरूआप्पांचा शब्द शेवटचा. माणसांच्या बाबतीतही त्याच अनुभवावर भागवलं जातं. मंगळवारी मी शाळेच्या व्हरांड्यात सगळ्यांना लांब लांब बसवून अर्धा तास भाषण दिलं. फळ्यावर विषाणूचं चित्र काढलं. (ते सूर्यासारखं आलं. एका म्हातारीने नमस्कार केला.) आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं, हनुवटीवरचा मास्क खाजवला आणि म्हणाले, "मास्तर, नवं आवशद आलं की आमी आदी येका मेंढीला देतो. येगळी बांधतो. खाती का, रवंथ करती का बगतो. मग कळपाला."

मी उत्साहाने म्हणालो, ही तर शास्त्रीय पद्धत झाली. फक्त कुतूहल म्हणून विचारलं की ती मेंढी निवडता कशी.

"गाभण न्हाई घेत. दुधाची न्हाई घेत. जी गेली तर लय कुनाचं आडनार न्हाई, आशी घेतो."

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी हळूहळू माझ्याकडे बघितलं. आईनेसुद्धा.

बुधवारी मी मोटारसायकलवरून आटपाडीच्या दवाखान्यात गेलो. मागे साक्षीदार म्हणून बिरूआप्पा, खांद्यावर घोंगडं घेऊन. त्यांनी खिडकीतून सगळा कार्यक्रम पाहिला आणि परत येऊन गावाला अहवाल दिला, की सुई आत गेली हे पाहिलं, पण बाटलीत काय होतं ते पाहिलं नाही.

दवाखान्यातल्या सिस्टरनी मला निघताना बजावलं होतं की रात्री ताप येईल, अंग दुखेल, त्याला घाबरू नका आणि लोकांनाही आधीच सांगून ठेवा. यातली शेवटची सूचना मी माझ्या अधिकारात रद्द केली. तापाचं नाव काढलं तर शुक्रवारी शाळेत मी आणि फळा एवढेच उरणार, हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता.

गुरुवारी सकाळी मी फणफणलो होतो. एप्रिलचं ऊन, डोक्यावर पत्रा, आणि मला हुडहुडी! बायको म्हणाली, गप्प पडून राहा. पण बाहेर ओट्यासमोर गाव येऊन बसलं होतं. आपली मेंढी बघायला.

मी बाहेर आलो आणि शक्य तितका टवटवीत बसलो. आप्पांनी तपासणी सुरू केली. झोप लागली का? पाणी पितोस का? सकाळी पोट साफ झालं का? (हे वीसेक माणसांसमोर, त्यात माझ्या शाळेच्या पोषण आहाराच्या मावशी.) सगळ्याला मी "व्हय, झकास" म्हटलं. पुरावा म्हणून सगळ्यांसमोर बाजरीच्या दोन भाकरी आणि मिरचीचा खर्डा खाल्ला. प्रत्येक घास पोत्याच्या तुकड्यासारखा लागत होता. पहिल्याच घासात बायकोने तापाची गोळी दडवून दिली होती. (जनावराला गोळी अशीच देतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.)

तरी समोरचे चेहरे काही खुलेनात. उलट मी जितका ठणठणीत दिसत होतो तितके ते पडत चालले. मला वाटलं, अजून कमी पडतंय. म्हणून मी उठून दोन घागरी पाणी आणलं. तरी कोणी हलेना. मग कुऱ्हाड घेतली आणि ज्या दंडात सुई बसली होती त्याच हाताने लाकडं फोडायला लागलो. डोळ्यापुढे काजवे चमकत होते, ओठावर हसू होतं. एकेक जण उठून जायला लागला.

बायको आळीतून कानोसा घेऊन आली. तिचा चेहरा बघूनच मी कुऱ्हाड खाली ठेवली.

"लोक म्हणतायत, तुम्हाला पाणी टोचलंय," ती म्हणाली. "आप्पा सांगतायत, खऱ्या सुईनं मेंढरू तापतं, दिवसभर कान पाडून बसतं. तापलं न्हाई तर आवशद खोटं. आणि तुमी लाकडं फोडताय."

गावाचा निष्कर्ष असा की सरकारने आपल्या माणसाला पाणी दिलं आणि आपल्याला दुसरंच काहीतरी देणार. आणि त्या निष्कर्षावर सगळ्यात आधी मान डोलावली होती माझ्या आईने.

मी तसाच, घरोघर न्यायची पिशवी उचलून, धावत पारावर गेलो. "मला ताप आहे! कालपासून आहे!" असं ओरडलो. लोकांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. मी पिशवीतून ताप मोजायची बंदूक काढून स्वतःच्या कपाळाला लावली. आकडा अगदी सुदृढ माणसाचा. गोळी लागू पडली होती. उभ्या आयुष्यात मला एवढं लागू पडलेलं ते एकमेव औषध!

"ते यंत्र तरी सरकारचंच हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

आता गोळीचा अंमल उतरण्याची वाट बघणं एवढंच हातात होतं. मी ओट्यावर येऊन बसलो. चार वाजले. सकाळी शिबिराची गाडी येणार, वही कोरी, आणि आत आई खोकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच मी देवाकडे ताप मागितला.

पाचच्या सुमाराला दात वाजायला लागले. आई बाहेर आली. तिने माझ्या कपाळावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग समोरून चाललेल्या आप्पांना तिने हाक मारली.

"बिरूदा, इकडं ये. पोरगं भाजतंय. तुमास्नी भिऊन सकाळधरनं सोंग करतंय हे येडं."

आप्पा आले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही. माझा कान धरला. मेंढीचा ताप तिथेच बघतात. दोन बोटांत कान चोळला, दुसराही चोळून पाहिला आणि म्हणाले, "तापलाय. आवशद खरं हाय."

अर्ध्या तासात आळी लोटली. (दोन मीटर अंतराचं मी गावाला शिकवलेलं सगळं तिथेच बुडालं.) प्रत्येकाला स्वतःच्या हाताने खात्री पाहिजे होती. त्यात निम्मे माझे माजी विद्यार्थी. त्यांचे कान आणि माझी बोटं यांची जुनी ओळख होती. त्या संध्याकाळी त्यांनी ती व्याजासकट परत केली. एकाने तर दोनदा रांग लावली.

लोक पांगल्यावर आई माझ्याजवळ टेकली. "ताप लपवलास कशाला रं? आमी काय तापाला भितो व्हय? आमी लपवाछपवीला भितो," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "माजं नाव लिव्ह. पयलं."

शुक्रवारी दोन कुप्या फुटल्या. पहिली सुई आईला. शनिवारी तिला ताप आला आणि तिने तो ओट्यावर बसून सगळ्या आळीला कौतुकाने दाखवला.

मीही धडा घेतला. दुसऱ्या डोसाची सुई मी मुद्दाम सगळ्या गावासमोर घ्यायची ठरवली, आणि यावेळी काहीच लपवायचं नाही असंही. शाळेत खुर्चीवर बसलो, बाही वर केली, डोळे मिटले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मनापासून कण्हायला लागलो. कान पाडले. मान टाकली. बाजूला आप्पा समाधानाने हुंकारले.

"गुरुजी," सिस्टर हळूच म्हणाल्या, "अजून सुईचं टोपण काढलं नाही मी."