ताटात उरलेलं

दवाखान्यातल्या वजनकाट्यावर चढण्याआधी मावशी चपला काढायच्या, कमरेची किल्ल्यांची जुडी काढायच्या, खिशातला रुमालसुद्धा काढून धाकट्याच्या हातात द्यायच्या. नर्स हसायची. "अहो मावशी, रुमालाने काय फरक पडणार आहे?"

"ओला आहे तो," मावशी म्हणायच्या आणि श्वास रोखून वर चढायच्या. काट्याला कसली दया आलीय! तो आपला मागच्या खेपेचाच आकडा दाखवायचा, आणि मावशी चपला पायात सरकवत पुटपुटायच्या, "मेला बिघडलाय."

धाकटा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. पंखे, मिक्सर, इस्त्र्या, जे बंद पडेल ते दुरुस्त करून द्यायचा. हात सोन्यासारखा, पण त्याच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या तेव्हा दुरुस्ती चालेना. एक दिवसाआड दवाखान्यात जायचं, मशीनला जोडून घ्यायचं, रक्त धुऊन घरी यायचं आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं, असं त्याचं चाललं होतं. मावशींची किडनी त्याला जुळत होती. तपासण्या झाल्या, सह्या झाल्या, आणि घोडं अडलं ते मावशींच्या वजनावर.

"एवढ्या वजनाच्या बाईची किडनी मी काढणार नाही," डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. "ऑपरेशनमध्ये तुम्हाला धोका, आणि पुढे एकाच किडनीवर एवढं शरीर ओढायचं. साखरही काठावर आहे. आधी उतरा. मग दोघांना एकाच दिवशी आत घेऊ."

"आणि तोवर हा?"

"मशीनवर माणूस जगतो. पण झिजतो. लवकर उतराल तितकं बरं."

मावशी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणायचे, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. सकाळी उजाडताच कट्ट्यापाशी उभ्या राहिल्या की दुपारची शेवटची पंगत उठेपर्यंत त्यांचे पाय हलत नसत, फक्त हात आणि तोंड हलायचं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "मावशी, तुम्ही जेवता केव्हा?" आपण जेवतो केव्हा? आठवून आठवून त्या थकल्या. बसून, ताट वाढून घेऊन, असं शेवटचं कधी जेवलो ते आठवेना. रश्शाची चव बघायला डावातून दोन घोट, मीठ घातल्यावर परत दोन घोट, पातेल्याच्या तळाचा करपलेला भात, कारण तो कुणाला वाढता येत नाही आणि टाकवत नाही. तळलेल्या बटाट्याचे मोडके तुकडे. मोडके म्हणून काय झालं? पोटात जाऊन मोडायचेच असतात ना, असं त्याच म्हणायच्या आणि पंगतीला हसवायच्या.

"म्हणजे तुम्ही जेवत नाही, पण दिवसभर खाता," बाई म्हणाल्या. मावशींना ते झोंबलं. मला मेलीला खादाड म्हणते, असं त्या बसमध्ये धाकट्याला तीनदा म्हणाल्या.

पण झोंबलं म्हणून काय, भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसतच होता. आधी मावशींनी आपल्या डोक्याने उपाय केले. रात्रीचं जेवण बंद केलं, आणि सकाळी कँटीनमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या गरम पाव हातात आला, तो हातातच संपला. कुणी सांगितलं म्हणून गरम पाण्यात लिंबू पिळून प्यायल्या, त्याने फक्त छातीत जळजळ झाली. मग मुकाट बाईंचं ऐकलं. पंगत बसायच्या आधी स्वतः बसायचं. लहान ताटली घ्यायची, त्यात अर्धी भाजी, मूठभर भात, थोडी डाळ नाहीतर अंड्याचा एक तुकडा. चव बघायचं काम भांडी घासणारीला दिलं. ही भांडीवाली म्हणजे मावशींची खास मैत्रीण आणि मुलखाची तिखटजाळ. पहिल्याच दिवशी तिने रश्शाचा डाव ओठाला लावून जाहीर केलं, "मावशी, इतकी वर्षं तुम्ही एवढं मीठ घालत होता? म्हणून तर सगळा कारखाना पाण्याच्या टाकीवर उभा असतो!"

मावशी हसल्या, पण आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. उभा जन्म त्यांनी जिभेवर काढला होता. डाव दुसऱ्याच्या हातात बघताना, कुणीतरी आपल्या घरात शिरून आपली भांडी हलवतंय असं त्यांना वाटायचं. दुपारी पाय सुजलेले असतानाही कारखान्याच्या भिंतीला धरून फेऱ्या मारायच्या. पहारेकरी म्हणायचा, "मावशी, काही हरवलंय का?" आणि त्या म्हणायच्या, "नाही रे बाबा, हरवायचंच आहे."

वजन उतरलं, पण थोडंच. मग काटा जो रुसून बसला तो हलायलाच तयार नाही. मावशींच्या नाकी नऊ आले. त्या रडकुंडीला येऊन बाईंना म्हणाल्या, "आता काय हवा खायची सोडू?"

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. "घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच. याचं वेगळं असतं ना. मीठ नाही, टोमॅटो नाही, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकायचं. पाणीसुद्धा मापून."

"मग तुमच्या भावाचं जेवण जातं पूर्ण?"

"छे हो! मशीनवरून आला की त्याला अन्नाचा वासही नको असतो. चार घास खातो आणि ताट सरकवतो."

"आणि उरलेलं कुठे जातं?"

धाकटा शेजारच्या खुर्चीवर बसला होता, तो एकदम ताईकडे बघायला लागला. रोज रात्री ताई आपलं ताट उचलून मोरीकडे जाते, आपल्याकडे पाठ करून उभी राहते आणि बराच वेळ नळ सोडत नाही, हे त्याला माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र त्याने कधी लावला नव्हता.

मावशींना ताटातलं टाकता यायचंच नाही. आई लवकर गेली, वडील पाळीवर, आणि घरात जे काही असेल ते आधी धाकट्याच्या ताटात. त्याचं झालं की त्यातलं उरलेलं ताईचं. तेव्हापासून भावाच्या ताटातलं उरलेलं म्हणजे आपलंच, हे त्यांच्या हातात इतकं मुरलं होतं की ते खाण्यात धरायचं असतं, हेच त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. स्वतःची ताटली मोजून मापून, आणि वर भावाचं अर्धं ताट! बाई म्हणाल्या, "आजपासून ते बंद." मावशी हो म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी मोरीपाशी पाठ करून त्यांनी तो अळणी भात परत खाल्ला. शरमेने त्यांचे कान तापले होते, पण हात थांबेना.

त्यानंतर मात्र नवलच झालं. धाकट्याचं ताट रिकामं यायला लागलं. मावशी कँटीनमधून आल्या की त्याला वाढायच्या, मग स्वतः अंघोळीला जायच्या. येईपर्यंत ताट स्वच्छ, चाटूनपुसून. "जेवलास?" "जेवलो की. भूक लागते हल्ली." मावशींचा आनंद गगनात मावेना. मोरीपाशी पाठ करून उभं राहायचं कारणच उरलं नाही. कधीकधी रिकामं ताट घासताना त्यांना स्वतःच्या पोटात खड्डा पडल्यासारखं वाटायचं, तेव्हा त्या तोंडात लवंग टाकून तशाच झोपायच्या. भुकेपेक्षा थकवाच जास्त असायचा. पण काटा हलला. खरोखर हलला. एकदा नर्सने रुमाल बघून काही म्हणायच्या आतच मावशींनी तो स्वतःहून खिशात परत ठेवला.

कँटीनचा युनिफॉर्म अंगात गोणीसारखा लोंबायला लागला, तो त्या खालच्या शिंपीकाकांकडे घेऊन गेल्या. काकांनी दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "कमाल आहे बाई. तुम्ही उतरलात आणि आमचं कुत्रं चढलं. बघा कसं पसरलंय, जिना चढवत नाही त्याला. काय खातंय कुणास ठाऊक." शिवणयंत्राखाली कुत्रं गलेलठ्ठ होऊन पडलं होतं. मावशी हसल्या. म्हणाल्या, "त्याला पाठवा माझ्या बाईंकडे."

पुढच्या तपासणीला काट्याने मावशींना पास केलं. डॉक्टरीणबाई स्वतः उठून आल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मावशी, केलंत हो तुम्ही!" मावशींच्या डोळ्यांत पाणी तरारलं. त्यांनी धाकट्याचा हात घट्ट धरला. आता तारीख द्या, असं त्या म्हणणार इतक्यात बाईंचं लक्ष धाकट्याच्या कागदांकडे गेलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"यांचं काय झालं? अंगात साठलेलं पाणी काढल्यावर वजन किती खाली आलंय बघा. सूज असते म्हणून वरून कळत नाही. रक्तातही ताकद नाही. जेवतात ना हे?"

"ताट चाटूनपुसून जेवतो," मावशी म्हणाल्या.

"मग हे असं व्हायला नको." बाई धाकट्याकडे बघत राहिल्या, तो जमिनीकडे. "अशा अंगाला मी ऑपरेशनला घेऊ शकत नाही. जखम भरायची नाही. आधी अंगावर थोडं मांस धरू द्या, मग तारीख बघू."

बसमध्ये मावशींनी धाकट्याचे कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. मावशींच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. घराच्या जिन्यापाशी आल्या तर पायरीवर शिंपीकाकांचं कुत्रं. मावशींकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. धाकट्याला बघून मात्र शेपूट हलवत, पोट घासत उठलं आणि त्याच्या पिशवीला नाक लावून हुंगायला लागलं.

मावशी तिथेच पायरीवर बसल्या.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"ताई, चल ना वर."

"किती दिवस माझ्या हातचं त्याला घालतोयस?"

वर गेल्यावर त्या खूप बोलल्या. लाज नाही वाटली, रक्त आटवून शिजवते मी, दिवसभर उभी राहून येते आणि परत तुझ्यासाठी उभी राहते, बटाटा दोनदा उकळते. बोलून बोलून दम लागला तेव्हा भिंतीला टेकल्या. धाकटा पलंगाच्या कडेला बसून होता.

"घशाखाली उतरत नाही गं," तो म्हणाला. "चार घास झाले की ढवळायला लागतं. आणि ताटात ठेवलं की तू खाणार. तू खाल्लंस की काटा हलणार नाही. मग मी काय करू?"

"मला सांगायचं होतंस."

"सांगून तू ऐकलं असतंस? मी पाठ बघायचो ना तुझी, मोरीपाशी." त्याने भिंतीकडे तोंड केलं. "लहानपणीही मी मुद्दामच ठेवायचो ताटात. पोट भरलं म्हणायचो. त्याशिवाय तुला मिळणार काय होतं?"

मावशींना हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्या समजत होत्या, पोरगा अर्धपोटी उठतो तो खोडसाळपणाने. कितीदा त्यावरून त्याला धपाटेही घातले होते. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि स्वयंपाकाला लागल्या, कारण दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी त्याला वाढलं आणि अंघोळीला गेल्या नाहीत. आपली लहान ताटली घेऊन समोर बसल्या. त्याने चार घास खाल्ले, पाचवा कसाबसा गिळला आणि थांबला. सवयीने त्याची नजर दाराकडे गेली.

मावशी उठल्या. त्याच्या पुढचं ताट उचललं. भात होता, भाजी होती, अंड्याचा मोठा तुकडा तसाच होता. कचऱ्याच्या बादलीचं झाकण काढून त्या उभ्या राहिल्या. आयुष्यात एक शीतही त्यांनी टाकलं नव्हतं, आणि टाकणाऱ्याला कधी माफही केलं नव्हतं.

"ताई, राहू दे," धाकटा म्हणाला.

त्यांनी ताट बादलीत उपडं केलं. बोटाने निपटूनसुद्धा काढलं, आणि बोट तोंडात न घालता नळाखाली धरलं.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "टाकता येतं मला. रोज टाकीन. तू फक्त लपवू नकोस. दोन घास गेले तर दोन, पण ते तुझ्या पोटात जाऊ देत."

धाकटा रडायला लागला. मावशींनी रडू दिलं. मग ताट धुतलं, पुसलं, पातेल्यातला दोन चमचे भात त्यात घातला आणि परत त्याच्या पुढे ठेवलं.

"एवढाच आहे. सावकाश खा."

तो खायला लागला. मावशींची ताटली केव्हाच संपली होती. भूक अजून होती. त्या हात मांडीवर ठेवून समोर बसून राहिल्या.