भिजवलेला कोंडा

डुकराच्या पोटात गेलेलं सगळंच जस्त रक्तात उतरत नाही. गव्हाच्या कोंड्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं आणि विष्ठेवाटे बाहेर नेतं. कोंडा वाढवला की हे नुकसान किती वाढतं, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न होता. त्यासाठी मी मुलुंडहून रोज सकाळी आरेजवळच्या शेडवर जात असे.

शेड सांभाळणाऱ्या मावशी मूळच्या मालवणकडच्या. दुसऱ्या दिवसाचं खाद्य तोलून ठेवायचं मी, सकाळी मी येण्याआधी ते घालायचं त्यांनी. विष्ठेचे नमुने गोळा करताना माझं तोंड वाकडं झालं की त्या म्हणायच्या, "एवढा शिकलंस गो, आणि वासाक घाबरतंस?" मग स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातात ठेवायच्या.

अकराव्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. जास्त कोंड्याच्या गटाच्या बादल्यांत कोंडा फुगून वर आला होता.

"मावशी, हे ओलं कसं?"

"सुको कोंडो कोण खायत? कोमट पाण्यात काल सांजचोच घातलंय. आंबलीचा पीठ आम्ही भिजवतव नाय?"

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून."

"तुम्ही माझी वाट लावलीत, मावशी. सगळी!"

शेडमधली माणसं थांबून बघू लागली. मावशींनी बादली उचलली आणि मोरीत रिकामी केली. प्रयोग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. या वेळी कोंडा कोरडाच राहिला; त्यांनी एक दिवसही चूक केली नाही. फक्त मला 'गो' म्हणणं बंद झालं आणि डबा त्या पलीकडे बसून खाऊ लागल्या. प्रयोग संपला त्या महिन्यात त्यांची नोकरीही संपली आणि मावशी गावी गेल्या.

वाया गेलेले नमुने मी शिस्त म्हणून तपासले. भिजवलेला कोंडा खाणाऱ्या डुकरांच्या विष्ठेतून कोरड्या फेरीपेक्षा कमी जस्त बाहेर पडलं होतं. कोंड्यात फायटेट तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतंच. कोमट पाण्यात ते कामाला लागतं. हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. बादलीत ते समोर दिसलं, तेव्हा मी ओरडले. दोन्ही फेऱ्यांची तुलना काटेकोर नव्हती, म्हणून मार्गदर्शकांनी भिजवण्याचा वेगळा प्रयोग करायला लावला. प्रबंधातलं सर्वांत चांगलं प्रकरण तेच ठरलं.

गेल्या आठवड्यात मावशींच्या गावी फोन लावला. सुनेने उचलला.

"आई शेतात गेल्यात. काय सांगू?"

विकराबद्दल सांगायचं वाक्य मी तयार ठेवलं होतं. ते निरोपात बसेना.

"त्यांचं बरोबर होतं, एवढंच सांगा."

"कशाबद्दल?"

"कोंड्याबद्दल."

ती हसली. सांगते म्हणाली. त्यानंतर फोन वाजला की मी आधी नंबर बघते. अजून त्यांचा आलेला नाही.