पुष्पाबाईंचा अदमास

पुष्पाबाईंबद्दल मगनला तसं फारच थोडं ठाऊक होतं. त्या कोणत्या गावच्या, घरी कोण कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस त्याला झालं नाही. सुरतेतल्या लिंबायतमधल्या खानदेशी घरांत कार्य निघालं की वरण-बट्टीचा स्वयंपाक त्यांचा, एवढंच. पीठ भिजवण्याआधी त्या यजमानाला विचारत, "किती माणसं येतील?" आणि उत्तर ऐकताना त्याचा चेहरा न्याहाळत.

उज्ज्वलाच्या, मगनच्या लेकीच्या, लग्नाच्या सकाळीही त्यांनी विचारलं. मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमची घरघर झोपेत ऐकू यावी तशी येत होती. गोवऱ्यांचा निळसर धूर मांडवात तरंगत होता. बारडोलीच्या वऱ्हाडापुढे जेवण कमी पडलं तर पोरीला जन्मभर ऐकावं लागेल, या भीतीनं मगनला घास गेला नव्हता.

"पाचशे!" त्याचा मेहुणा सुकदेव मध्येच बोलला.

"तुमच्या बारशालाच हजार आले असतील," पुष्पाबाई हसल्या. "मगनभाऊ, तुम्ही सांगा."

"तीनशे."

त्यांनी डोळे बारीक केले. "हा आकडा तुमचा नाही. तुमच्या पुतण्याच्या, चेतनच्या जावळाला तुम्ही भीत भीत कमीच सांगितलं होतं. आज भिऊन वाढवलं. मनात आधी काय आलं?"

मगन जमिनीकडे बघत म्हणाला, "दोनशे."

"मग बरोबर. तुमचा आकडा मी दीडपट धरते, दोनशेंचे तीनशे. तीनशेंचेही दीडपट केले असते, तर उद्या गल्लीभर बट्ट्या वाटत फिरला असता."

दुपारी पंगतीमागून पंगत उठत गेली. टोपलीचा तळ दिसायला लागला तसे मगननं डोळे मिटले. धूर, तुपाचा वास, सनईचा सूर, सगळं लांबून, पाण्याखालून आल्यासारखं वाटत होतं. डोळे उघडले तेव्हा शेवटच्या पंगतीत वरमाय पानावर हात आडवा धरून "पुरे, पुरे" म्हणत होती. टोपलीत वाजंत्र्यांपुरत्या बट्ट्या उरल्या होत्या.

पुढे पुष्पाबाई सुरत सोडून गेल्या. कुठे, ते त्याला कळलं नाही. लग्नाच्या संध्याकाळी त्या रिक्षात बसताना मात्र तो कसाबसा म्हणाला होता, "एकदा चहाला या ना, बाई."

"येईन की. घरी किती जण असता?"

"आता आम्ही नवरा-बायको दोघंच."

"म्हणजे तिघांचा ठेवा."