अंगठ्याखालचं पाणी

आमच्या हिंगणीच्या घरात फरशी धुतली की पाणी मोरीकडे न जाता बैठकीत येत असे. मी शाळेत विज्ञान शिकवतो.

घर बाबांनी बांधलं. बाबा जन्मभर गवंडी. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी थापी ठेवून दिली होती. फक्त आपल्या घराची लेव्हल आपल्या हातानं काढायची, एवढीच त्यांची इच्छा होती. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक त्यांनी मोरीपाशी धरलं, दुसरं मी बैठकीत. दोन्हीकडे पाणी थांबेल तिथं खूण करायची.

“पाणी बसू दे,” बाबा म्हणाले. “घाई नको करू.”

मी त्यांना यामागचं शास्त्र समजावलं. (चाळीस वर्षं नळी धरलेल्या माणसाला!) त्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं.

“बसलं काय?”

“बसलं, बाबा.”

“इतक्या लवकर?”

माझ्याकडचं पाणी तर हललंच नव्हतं. आपला हात किती स्थिर आहे, याचा मला अभिमान वाटला.

गृहप्रवेशाला बुद्धवंदना आटोपली, मंडळी सतरंजीवर जेवायला बसली. आईनं मागच्या खोलीत बादलीभर पाणी ओतलं आणि ते थेट पंगतीत आलं. बाबांच्या जुन्या सोबत्यानं पाय वर घेतले. “गवंड्याच्याच घरी उलटा ढाळ?”

“नजर गेली माही,” बाबा एवढंच बोलले. त्यानंतर आठ दिवस ते कोणाच्या घरी गेले नाहीत. मला फार वाईट वाटत होतं, पण दोष नळीचाच असणार अशी माझी खात्री होती. ते सिद्ध करायला मी पुन्हा नळी भरली आणि एक टोक आईला दिलं. तीही जन्मभर बाबांच्या हाताखाली राबलेली.

“अंगठा काढ न,” आई म्हणाली.

“पाणी सांडेल ना.”

“तोंड दाबून ठेवलं त पाणी बसन कसं?” मग ती माझ्याकडे बघतच राहिली. “तवा बी असाच धरून होता काय तू?”

मी बाबांसमोर, त्यांच्या सोबत्याला मुद्दाम बोलावून, सगळं कबूल केलं.

“म्हणजे माही नजर शाबूत हाय,” बाबा म्हणाले, आणि थापी मागितली.

फरशी उखडली. नळीचं दुसरं टोक आईनं धरलं. मी काय करू, असं विचारलं.

“तू शाळेत जाय.”

मी गेलो. त्या दिवशी रविवार होता.