आजाऱ्यांच्या मधलं झाड

साठ सालाच्या आसपास मी कट्टा गावच्या शाळेत मास्तर होतो. वाटेवरच्या टोमॅटोच्या वाफ्यात फाटक्या हॅटवाला एक म्हातारा रोज उकिडवा बसलेला दिसे. नाव कधी विचारलं नाही. वाफ्यातली सगळी झाडं पानं आकसून खुरटलेली. मधलं एकच तरारलेलं, त्याला लाल चिंधी बांधलेली.

मी शहाणपणा शिकवला, "आजारी झाडं उपटून टाका, नाहीतर याला लागण होईल."

तो हसला. "बऱ्यांच्या शेजारात कोणव बरो रवता, मास्तरानू. ह्यां झाड आजाऱ्यांच्या मधी रवान बरां आसा. बी हेचीच धरूची."

त्या झाडाचा पहिला टोमॅटो पिकला, तो त्याने माझ्या हातावर ठेवला. "खावा. बियो तेवढ्यो माका हाडून देवा."

फळ इतकं गोड, की शाळेत पोचेपर्यंत मी ते बियांसकट संपवलं. दुसऱ्या दिवशी तो बिया वाळवायला कागदावर राख पसरून माझी वाट बघत होता. मी खाली मान घालून कबूल केलं. हॅट पडेपर्यंत तो हसला.

"मगे पानां आकसूचो रोग तुमका काय येवचो नाय!"

पुढचा टोमॅटोही त्याने मलाच दिला. फक्त आतला गर बियांसकट आधीच काढून घेतला होता.