एका जागेची दौड

उमरेडच्या बसस्टँडवर माझी आई आणि गजाननची आई दोघी एकदमच रडत होत्या. बस सुटायला वेळ होता, म्हणून मध्येच रडणं थांबवून सूचनाही देत होत्या. "टाइमावर जेवत जाजा गा, दोघंही," माझी आई म्हणाली. गजानन शेजारच्या घरातला. आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच होती; तिकडच्या मागाचा धोटा इकडे ऐकू यायचा. नंतर सूत मिळेनासं झालं, माग थांबले आणि आम्ही निघालो. पंचाहत्तरच्या मागचं-पुढचं साल असेल.

हे लिहितो आहे ते आमच्या त्या गल्लीत राहिलेल्यांसाठी. जे निघून आले त्यांना यातलं बरंचसं सांगावं लागणार नाही.

नागपूरचं प्रतापनगर तेव्हा अर्धं शेतच होतं. तिथं एका खोलीत आम्ही राहायचो. भाकरी मी टाकायचो, भाजी तो करायचा, आणि दोन्ही बिघडायचं. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही लागलो. उमरेडला 'मले' म्हणणारे आम्ही तिथं 'मेरेको' म्हणायला शिकलो. ड्यूटी, खाडा, ओव्हरटाइम हे शब्द तोंडात बसले. सगळ्यात लवकर बसला तो 'टेंपरवारी', कारण आम्ही दोघंही तेच होतो.

हिवाळ्यात कारखान्याची सहल टेकडीवरच्या बागेत गेली. बाग म्हणायची, पण होतं जंगलच. सागाची झाडं, बोरीची काटेरी झुडपं, खाली नाला. जेवणं झाल्यावर साहेबांनी आम्हा दोघांना समोर बोलावलं.

"पर्मनंटची एक जागा आहे. तुम्ही दोघंही चांगले. आता मी कोणाला नाराज करू?" ते हसले. "दौड होऊन जाऊ द्या. नाल्याला वळसा घालून जो आधी परत येईल, जागा त्याची."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी शिट्टी मारली आणि आम्ही पळालो.

जन्म मागाच्या खड्ड्यात बसून गेलेला. पळायची सवय दोघांनाही नव्हती. सागाची वाळकी पानं पायाखाली घसरत होती. नाल्याजवळच्या उतारावर गजानन पडला, गुडघा फुटला. मी मागे फिरून त्याला उठवलं. तो माझा हात धरून तसाच उभा राहिला.

"आपण संगंच पोचू," तो म्हणाला. "हात धरूनच जाऊ. मंग पाहू साहेब कोणाले ठेवते."

मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं हसलो. आम्ही हात धरून चढ चढलो. नागपुरात आल्यापासून तेवढ्या मोकळेपणी आम्ही कधी हसलो नव्हतो. मग झाडं विरळ झाली, सतरंज्या दिसल्या, माणसं दिसली. गजाननने हात ओढून घेतला, कोपर माझ्या छातीत मारलं आणि पळत सुटला. मी पानांवर बसलो. श्वासच येईना.

मी पोहोचलो तेव्हा तो साहेबांपुढे वाकून धापा टाकत होता. "साहेब, मी आलो पयला."

"अरे, मजाक होती ती!" साहेब म्हणाले. "जागा तर कधीच भरली. आमच्या मेव्हण्याचा पोरगा येतोय सोमवारपासून. दोघांनीही आता दुसरीकडे बघा." सगळ्यांचं हसणं थांबेपर्यंत बराच वेळ गेला. कोणीतरी गजाननच्या हातात बक्षीस म्हणून भज्यांची प्लेट दिली. सगळे बघत होते, म्हणून त्याने ती खाल्ली.

खोलीवर आल्यावर तो ट्रंक भरू लागला.

"काहून केलं गा असं?" मी विचारलं.

"तू बी केलंच असतं," तो म्हणाला. "मी पयले केलं, येवढंच." सकाळच्या बसने तो उमरेडला गेला.

मला पुढे लाकडाच्या टालावर काम मिळालं. दिवाळीला घरी गेलो तर गजाननच्या आईने मला पाहून दार लोटून घेतलं. माझ्या घरी कोणी नीट बोलेना. मग कळलं. आपल्याला हसून हाकललं हे त्याला घरी सांगवलं नव्हतं. शर्यतीत मीच त्याला कोपर मारून पुढे गेलो, नोकरी मी घेतली, असं त्याने सांगितलं होतं. तो परत आला होता, मी नागपुरात होतो, माझ्या अंगावर टेरिलिनची पँट होती. गल्लीला आणखी काय पाहिजे होतं?

पुढे मी दोन खोल्यांचं घर घेतलं आणि आईला आणलं. तिने घर पाहिलं, पण पाण्याशिवाय काही घेतलं नाही. मी तिला सगळं सांगितलं, अगदी भज्यांपर्यंत.

"गजानन खोटं नाही बोलत," ती म्हणाली. "मी त्याले तान्हा, पायन्यात होता तवापासून पाहून राहिली."

"अन् मले?"

ती पदराची कडा बोटाला गुंडाळत बसली. दुपारच्या बसने परत गेली. पुन्हा आली नाही.

आता कोणी गाव विचारलं की मी नागपूर सांगतो. एकदाच चुकून उमरेड म्हणालो होतो, नागपूरच्या स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर. बाकावर शेजारी बसलेला म्हातारा खुलला; तोही तिकडचाच. "उमरेडचा? कोणाचा गा तू?" मी वडिलांचं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, अर्धा चहा तसाच ठेवला आणि उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला.